राहुरीच्या दुकानात फुटलेला मदरबोर्ड

कॉम्प्युटरचा डबा उघडून ज्याच्याकडे तुम्ही कधी वाकून पाहत नाही, तो हिरवा मदरबोर्ड मी. परदेशातल्या कारखान्यात जन्मलो आणि राहुरीत भीमराजच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात डब्यात बसलो. तिथून गहिनीनाथच्या खडी क्रशरच्या ऑफिसात गेलो. गहिनीनाथ एका बोटाने टाइप करायचा. मी जरा अडकलो की डब्यावर थाप मारायचा. मार खायची सवय मला तिथेच लागली.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये एका व्हायरसने माझी चिप पुसून टाकली. जागं झाल्यावर पहिलं काय करायचं, हे त्या चिपमधलं फर्मवेअर मला सांगायचं. आता पंखा फिरायचा, पण पडदा काळाच राहायचा.

गहिनीनाथने मला दुकानात आणून टेबलावर आपटलं. हातात लोखंडी गज होता.

"तूच बिघडवलं ह्ये. मुद्दाम!"

"न्हाई ओ शेठ, व्हायरस हाय. लई जनांची मशीनं गेली..."

"तुमच्यासारख्यांच्या हाती मशीन दिलं, हीच माझी चूक!"

पहिला फटका भीमराजच्या उजव्या मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. हाडं मोडल्याचा आवाज मी टेबलावरून ऐकला. त्याचं रक्त माझ्यावर उडालं. रस्त्यावरची माणसं नुसती बघत उभी राहिली.

केस झाली आणि गहिनीनाथ जामिनावर सुटला. भीमराजनेच मशीन मुद्दाम बिघडवलं, असं तो गावभर सांगत फिरला. दुकानात कोणी येईना.

भीमराजची धाकटी बहीण प्रज्ञा इंजिनिअर होती. "ह्याला जिवंत करून दुकानात सगळ्यांसमोर चालू करते, म्हणजे गावाला खरं कळेल," ती म्हणाली. मला बनवणारी कंपनी बुडाली होती, त्यामुळे जुनं फर्मवेअर कुठेच मिळेना. पण परदेशात काही माणसं नवं फर्मवेअर लिहून फुकट वाटत होती. ते कोणीही वाचावं, बदलावं. ते तिने पुण्याच्या मैत्रिणीकडून मिळवलं. अडचण एकच होती, ते मला ओळखत नव्हतं. माझ्यावर कोणत्या चिपा आहेत, मेमरी कुठे बसते, कार्ड बसवायच्या कोणत्या खाचेने कोणत्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारायची, हे सगळं एका कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहायला हवं होतं.

भीमराज डाव्या हातात भिंग धरून माझ्या तारा वाचायचा, प्रज्ञा लिहायची. मग दात उपटावा तशी चिप उपटायची, दुसऱ्या मशीनवर तिच्यात फर्मवेअर भरून आणायची आणि पुन्हा माझ्यात ठोकायची. एखादी ओळ चुकली की मी आचके देऊन थांबायचो.

दिवाळी गेली तरी मी मुकाच होतो. एके दुपारी भीमराजने हातोडा उगारला. "ह्याच्यापायी माझा हात गेला!"

प्रज्ञाने माझ्यावर आपला तळवा पसरला. "ह्याने मारलं न्हाई, दादा. मारणारा बाहेर मोकळा फिरतोय. खाचेच्या तारा परत वाच."

हातोडा तसाच वर राहिला. मग त्याने तो खाली ठेवला आणि भिंग घेतलं. फाईलमध्ये दोन तारांची अदलाबदल झाली होती. ती ओळ दुरुस्त केली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. मी जागा झालो होतो!

बातमी ऐकून गहिनीनाथ मला न्यायला आला. समोरची चहावाली मालनबाई भरली किटली घेऊन दारातच उभी होती.

"चालू झालं की रं! मंग पोराचा हात कशापायी मोडला?"

गहिनीनाथने सोबत आणलेला गज उचलला. गज माझ्यावर कोसळला आणि मी मधोमध फुटलो. दुसऱ्यांदा त्याने गज उगारला तो प्रज्ञाच्या डोक्यावर. भीमराजने तो डाव्या हाताने हवेतच धरला आणि मालनबाईने उकळता चहा गहिनीनाथच्या हातावर ओतला. तो किंचाळला. या वेळी रस्त्यावरची माणसं आत शिरली आणि त्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं.

मी आता दोन तुकडे होऊन फळीवर पडलोय. प्रज्ञाने ती फाईल परदेशातल्या त्या फर्मवेअरवाल्यांना पाठवली. कुठल्याशा दूरच्या गावात माझ्यासारखाच एक बोर्ड त्या फाईलवर जागा झाला, असं उत्तर आलं. फाईलच्या पहिल्या ओळीत दोघा भावंडांची नावं आहेत.

मला खुशाल भंगारात द्या, माझी हरकत नाही. फक्त कोणावर गज उगारला गेला, तर बघत उभे राहू नका. भीमराजची दोन बोटं अजून वळत नाहीत.