उपाशीपोटी

"उपाशीपोटी आहात ना, आजोबा?" नर्सने दंडाला रबरी पट्टी आवळत विचारलं.

अनिबालने तोंड उघडलं, पण उत्तर नेहमीप्रमाणे त्याच्या बायकोने, दोमितिलानेच दिलं. "कालपासून पाण्याशिवाय काही दिलं नाही मी त्याला."

अनिबाल दोमितिलाकडे बघतच राहिला. सकाळी तिनेच उकडलेला युकाचा कंद नि तळलेली अंडी पुढ्यात ठेवली होती. रक्त द्यायचंय म्हटल्यावर, "मुकाट्याने गिळ," असा दमही भरला होता. पुन्हा हेलपाटा नको म्हणून थाप मारत असेल, असं त्याला वाटलं.

"खाल्लंय मी," तो नर्सला हळूच म्हणाला.

"त्याचं काय ऐकतेस, पोरी!" दोमितिला हसली. त्या हसण्यात लबाडी नव्हती.

अनिबालचाच गोंधळ उडाला. त्याने दाढेवरून जीभ फिरवली. युकाचा तंतू अजून तिथेच अडकलेला होता.

दवाखान्यात म्हाताऱ्या पुरुषांची तपासणी चालली होती. उभा जन्म मागदालेना नदीत होडी चालवलेला अनिबाल दुखणी अंगावरच काढायचा. दोमितिलाने ओढून आणलं म्हणून आला. बाकड्यावरचे सोबती प्रोस्टेटच्या तपासणीवरून टिंगल करत होते.

"घाबरू नकोस रे, डॉक्टरीणबाईंची बोटं बारीक आहेत!"

एरवी त्याने सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज तो नुसताच आत गेला. दोमितिला मागोमाग होतीच.

डॉक्टर पलासियोस तरुण होती. तिने छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि मग खुर्ची जवळ ओढली.

"आता थोडी स्मरणशक्ती बघू. आज वार कोणता?"

"मंगळवार."

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"असं काय करतोस रे?" दोमितिला म्हणाली. "आणि नुबिया? पोरगी भात टाकून वाट बघत बसली असेल."

नुबिया लग्न होऊन बारांकियाला गेली त्याला कितीतरी वर्षं झाली होती. आता तिचीच मुलगी लग्नाला आली होती.

"आजोबा," डॉक्टर हळुवारपणे म्हणाली, "मुलीला विसरलात?"

दोमितिला त्याच्या गुडघ्यावर थोपटत होती, तापातल्या लेकराला थोपटावं तशी. परवा तिच्या हातून रश्श्यात दोनदा मीठ पडलं होतं, तेव्हा तो हसला होता.

"हो," तो म्हणाला. "विसरलोच." मग बायकोकडे वळून म्हणाला, "घसा सुकलाय गं. बाहेरून पाणी आणतेस?"

"उपाशी माणसाचा घसा सुकणारच," असं पुटपुटत ती गेली.

दार लागेपर्यंत तो थांबला.

"डॉक्टर, मी सकाळी जेवून आलोय. तिनेच वाढलं. आणि नुबिया केव्हाच सासरी गेली."

डॉक्टरच्या हातातलं पेन थांबलं.

"मला परत बोलवा," अनिबाल म्हणाला. "तपासणी माझीच आहे म्हणा. तिची म्हटलीत तर ती उंबरठा ओलांडायची नाही. प्रश्न मला विचारा. उत्तरं ती देईलच."

डॉक्टरने सावकाश मान हलवली.

दोमितिला पेला सांभाळत आली. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

"पुढच्या आठवड्यात डोकं तपासायला बोलावलंय. तूही चल."

"मी नको तर कोण? तुला एकट्याला घर तरी सापडेल का?"

"नाही सापडणार," तो म्हणाला आणि त्याने तिचा हात धरला.