डाग नसलेली पर्स

बोकडाच्या वासाची राजनंदिनीला किळस यायची. शेळ्या-मेंढ्यांच्या घरात जन्मलेल्या पोरीला ही किळस परवडणारी नव्हती, पण होती. शाळेत पोरी तिच्या शेजारी बसताना नाकाला रुमाल लावायच्या, तेव्हापासूनची. म्हणून हिंगोलीच्या पतसंस्थेत नोकरी लागल्यावर शेजारच्या टेबलावरच्या शितलला तिनं ठोकून दिलं होतं, की आमची हळदीची शेती आहे. बकऱ्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

आणि आज बाप, मसाजी, बाजारात बोकड विकून थेट पर्सच्या दुकानात हजर. लेकीला नोकरी लागली, तर चामड्याची पर्स आपणच घेऊन द्यायची, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. शितल निवडायला आली होती. मसाजीच्या धोतराला बोकडाची उग्र घाण मारत होती. राजनंदिनी मेल्याहून मेल्यासारखी होऊन जरा लांब उभी राहिली.

"ताई, नुसता 'अस्सल लेदर' असा छाप बघून फसू नका," दुकानदार सांगत होता. "ही गुळगुळीत दिसते ना, ती खालच्या थराची. वरून रंग थापून नक्षी छापलेली. थोड्या दिवसांत पापुद्रे निघतात. ही बघा, बकरीची. वरची कातडी जशीच्या तशी. बारीक छिद्रं दिसतात, दाबलं की सुरकुतते. जनावराच्या अंगावरच्या खुणाही राहतात, तीच हिची ओळख."

पर्स तपकिरी, मऊसूत होती. झाकणाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा वाकडा चट्टा होता. राजनंदिनीनं तो बघताक्षणी ओळखला. पोट फुगलेल्या बकरीला उपाय म्हणून तापल्या विळ्यानं दिलेला डाग. केस जळाल्याची ती घाण, ते ओरडणं, आपल्या मुठीत थरथरणारे पाय.

"आरं, हा तं डाग हाय!" मसाजी एकदम खुलला. "पोट फुगलं की आमी बी असाच देतो. आमच्या राजूनंच पाय धरलेत लहानपनी. लई धीराची पोरगी!"

"ई! जिवंत बकरीला?" शितलनं तोंड वाकडं केलं आणि राजनंदिनीच्या हातांकडे पाहिलं.

"मी नाही धरले," राजनंदिनी बोलून गेली. "मला तर असल्या लोकांचीच किळस येते."

मसाजीनं पर्सवरचा हात हळूच काढून घेतला.

"व्हय, ही नव्हती," तो दुकानदाराला म्हणाला. "ते दुसरं लेकरू. माह्याच ध्यानात ऱ्हात न्हाई आता."

राजनंदिनीशिवाय त्याला दुसरं लेकरू नव्हतं.

तिनं गुळगुळीत पर्स घेतली. मसाजीनं कडोसरीतून पैसे काढून दिले. शितलनं "छान आहे गं" म्हणत पर्सवरून बोट फिरवलं आणि ती घरी गेली.

गावाकडं, डोंगरकड्याला जाणाऱ्या एसटीत राजनंदिनी खिडकीशी बसली. मांडीवरच्या पर्सला रंगाचा, रॉकेलसारखा भपकारा येत होता. शिसारी मात्र तिला स्वतःची आली होती. शेजारची जागा मोकळी होती आणि बाप मागच्या दारापाशी दांडा धरून उभा होता.

"बाबा, इकडं बसा ना."

"बस तू, माय," मसाजी तिथूनच म्हणाला. "नव्या पर्सला वास लागंल."