आकडा ई-मेलवर पाठवला आहे

ताईची ऑनलाइन मुलाखत तोंडावर आली होती आणि वाचनालयाचं वाय-फाय म्हणत होतं, जोडलं गेलंय. कशाला, ते सांगत नव्हतं. लॉगिनचं पान उघडायचं नावच घेईना. घरचं इंटरनेट सकाळीच रस्ता फोडणाऱ्या यंत्राने तोडलं होतं. तेच यंत्र आता वाचनालयासमोर आलं होतं, बहुधा आमच्या मागावर.

"बंद करून चालू करा," ग्रंथपाल म्हणाले.

"केलं, काका."

"मग चालू करून बंद करा."

मी लॅपटॉप ओढून घेतला. जुन्या कंपनीने ताईला काढून टाकलं होतं, पण तिच्या लॅपटॉपवरचं व्हीपीएन काढायला कंपनी विसरली होती. ते अजून इमानेइतबारे सगळं जुन्या ऑफिसकडे पाठवू बघत होतं. ते बंद केल्यावर पान आलं. त्यावर लिहिलं होतं: इंटरनेट सुरू करण्यासाठी ई-मेलवर पाठवलेला आकडा भरा.

"ई-मेल उघडायला इंटरनेट लागतं ना रे?" ताईने शांतपणे विचारलं. ती शांत झाली की बाबासुद्धा बाल्कनीत निघून जातात.

आत मोबाईलला रेंज नव्हती. मी रस्त्यावर पळालो, मेल उघडला. परत येईपर्यंत आकडा शिळा झाला. दुसऱ्या खेपेला खिडकीतून ओरडलो, तर यंत्राचा गळा माझ्यापेक्षा मोठा. शेवटी खिडकीपाशी पेपर वाचणाऱ्या आजोबांनी एकेक आकडा ऐकून खणखणीत आवाजात ताईला पोचवला. आजोबांना ग्रंथपालांची ताकीद मिळाली, आम्हाला इंटरनेट.

"उशीर केलात," मुलाखत घेणारे साहेब स्क्रीनवरून म्हणाले. "आमच्याकडे वेळेला फार किंमत आहे."

ताईचं लक्ष शेजारी उघड्या राहिलेल्या लॉगिनच्या पानाच्या तळाशी गेलं. बारीक अक्षरांत ते बनवणाऱ्यांचं नाव होतं. साहेबांच्याच कंपनीचं.

"वाचनालयाचं हे लॉगिनचं पान तुमचं, सर?"

"हो. आजवर एकही तक्रार नाही."

"तक्रार करायची कुठे?"

"लॉगिन केलं की अर्ज दिसतो."

"म्हणजे लॉगिन होत नाही हे सांगायला आधी लॉगिन करायचं."

साहेब हलेनात. मला वाटलं, नेट गेलं. पण त्यांनी पापणी लववली.

"तुम्ही पद कोणतं म्हणालात?"

"तक्रार निवारण."

"तक्रारीच येत नाहीत म्हणून ते पद आम्ही रद्दच करणार होतो."

"पहिली लिहून घ्या," ताई म्हणाली आणि सुरू झाली. साहेब पेन शोधून लिहायला लागले.

"जरा सावकाश, मॅडम."

"सावकाशीची सवय तुमच्या पानाला आहे, सर. मला नाही. आधी नेमणूक पाठवा, उरलेल्या तक्रारी रुजू झाल्यावर सांगते. आणि ती ई-मेलवर नको, कागदावर पाठवा."