नऊला निघून अकराला
लेकीने भावाचं इथून परतीचं विमानाचं तिकीट फोनवर दाखवलं आणि शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. निघणार सकाळी नऊला, पोचणार त्याच सकाळी अकराला.

"दोन तास?" बाईंचं पित्त खवळलं. "आणि चार वर्षं 'फार लांब पडतं गं आई' म्हणून माझ्या तोंडाला पानं पुसतोय. दोन तासांत माझा एक सदरा पुरा होत नाही."

"अगं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. विमानात साडेचौदा तास जातात."

बाईंनी हातातली कात्री टेबलावर आपटली.

"बरं, साडेचौदा. गेल्या वर्षी तुझे बाबा जाण्याआधी तीन आठवडे दाराकडे डोळे लावून पडले होते."