गोबऱ्याचं तोंड

"ग्रीस मफी," उस्मानने रिकामी ट्यूब दत्तारामच्या नाकासमोर नाचवली. "आज कॅमेरा खलास. अगले जुम्मा, इंशाल्ला."

होडी आखातातल्या बुदैयाच्या किनाऱ्यापासून बरीच आत आली होती. उस्मान हा दत्तारामचा मालक. त्याच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात दत्ताराम गाडी चालवायचा. पाण्याखाली बुडी मारायला त्यानेच शिकवलं, कॅमेराही त्याचाच. पाणी आत शिरू नये म्हणून झाकणातल्या रबरी कड्याला ग्रीस चोपडल्याशिवाय कॅमेरा पाण्यात न्यायचा नाही, हा त्याचा कायदा.

पण पुढचा शुक्रवार दत्तारामच्या काय कामाचा? गावी बापाचा, खंडूचा, एक डोळा गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी, आणि डॉक्टर हमी देत नव्हता. वाडीतला दत्तप्रसाद उद्याच्या विमानाने निघायचा होता. फोटो धाडायचा तर त्याच्याच हाती. जन्मभर मासेमारी केलेल्या बापाला एकच हौस, पाण्यातला जिवंत गोबरा मासा बघायची. आणि दत्तारामने आजवर धाडलेल्या फोटोंत नुसत्या शेपट्या! पायाला भिंगरी बांधलेला माणूस तो. मासा दिसला की अंगावर धावायचा, मग मासा कशाला थांबतो?

"शेपट्ये कसले धाडतस? तेचा तोंड दाखव," म्हातारा फोनवर करवादला होता.

उस्मान नांगर बघायला पुढे गेला. दत्तारामच्या पिशवीत खोबरेलाची बाटली होती. खाऱ्या पाण्यात उतरण्याआधी टाळूवर तेल थापायचा त्याचा नेमच होता. आता खोबरेल कशाला चालत नाही? बिजागरीपासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांना चालतं. जानेवारीच्या गारठ्यात ते गोठलं होतं. त्याने बाटली काखेत धरून ऊब दिली, कड्याला तेल चोळलं आणि झाकण लावून टाकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"ग्रीस मिला," त्याने बेधडक ठोकून दिलं. "यल्ला, चलो."

खाली खडकाच्या कपारीत गोबरा होता, चांगला हातभर. दत्तारामचे पाय शिवशिवले. पण आज त्याने खडकाचं टोक घट्ट धरलं आणि स्वतःलाच दामटून बसवलं. गोबरा हळूहळू बाहेर आला, समोर थांबला आणि त्याने तोंड उघडलं. कुठूनसा बोटाएवढा निळा मासा आला, थेट त्या जबड्यात शिरला, दात कोरल्यासारखं काहीबाही करून कल्ल्यातून बाहेर पडला. गोबरा हललासुद्धा नाही. दत्ताराम फोटो काढत राहिला. मग त्याचं लक्ष कॅमेऱ्याच्या भिंगाकडे गेलं. काचेच्या आत पाणी डुचमळत होतं.

होडीवर उस्मानने झाकण उघडलं. गार पाण्यात तेल पुन्हा गोठून कड्यावर त्याचे पांढरे कण बसले होते. त्याने ते हुंगले.

"नारियल?"

दत्तारामने मान खाली घातली. रोल भिजून गेला होता. उस्मान शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण तो कॅमेरा टॉवेलात गुंडाळून नुसता बसून राहिला. ते जास्त लागलं.

संध्याकाळी फोन बूथवर रांग होती. पलीकडे गावी शेजाऱ्यांच्या ओटीवर खंडू वाट बघत बसला होता.

"फोटो गावलो?"

"नाय, बाबा. माझ्या घायेन पाणी शिरला. सगळा फुकट गेला."



"बगलंस तरी?"

"बगलंय." आणि मग त्याने तो उघडा जबडा सांगितला, निळा मासा सांगितला.

"खाल्ल्यान नाय तेका?"

"नाय. गप रवलो."

"माज्या हातात इलो तो गळानं तोंड फाटलेलोच," म्हातारा पुटपुटला. "असो गप कधी बगूकच नाय."

बूथच्या काचेवर कुणीतरी टकटक केलं. "यल्ला, भाईसाब!"

"बाबा, सोमवारी ऑपरेशन झाला काय मी परत…"

"ता ऱ्हवांदे," खंडू म्हणाला. "थांब, डोळे मिटतंय. हां. आता परत सांग. सावकाश."

दत्तारामने टकटक करणाऱ्याकडे पाठ केली, आणि कपारीपासून सांगायला सुरुवात केली.