सात नंबरच्या गाडीचं चित्र

पुढून

दसऱ्याच्या सकाळी हिराबाईने टोकावड्याच्या आपल्या ढाब्यावर खलबत्ता, कोयता, सुऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. उरला जीपचा हार. पण जीप होती कुठे? तिचा मुलगा जयराम पहाटेच भाडं घेऊन माळशेज चढला होता. ओवलेला हार तसाच कसा ठेवायचा? गल्ल्यावर मोटारशर्यतीचं जुनं चित्र टांगलेलं: धुरळा, लांब नाकाच्या तीन उघड्या गाड्या, सगळ्यांत पुढे लाल, सात नंबरची. तीही गाडीच की! हार तिला घातला.

मागून

चित्राच्या पाठीवर इंग्रजी नाव, १९५२. कमळूच्या साहेबाचं, लाल गाडीत तोच. कमळू त्याच्या बंगल्याचा राखणदार. अठ्ठ्याण्णव साली बंगला पाडला, तेव्हा चित्र त्यानेच हिराबाईला आणून दिलं.

पुढून

चहाला आलेला म्हातारा कमळू दारातच थबकला.

"हिरे, काढ तो! पोर गाडीवर असताना माणसाच्या तसबिरीला हार घालतात का गो?"

"मी गाडीला घातलाय, कमळूकाका. माणूस मधे बसलाय त्याला मी काय करू?"

"मी पण गाडीलाच घातलेला."

मागून

खाली बाईसाहेबांच्या हातचं: दसरा, १९५३. साहेब गाडी घेऊन मुंबईच्या शर्यतीला गेला होता. अंगणात गाडी नाही, म्हणून कमळूने चित्राला हार घातला. दुपारी साहेब शर्यतीत गेल्याची तार आली. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं; आज हिराबाईला सांगितलं.

पुढून

"माझा एकच हाय रे देवा!" हिराबाई बाकड्यावर चढली. हार ओढला. दोरा तुटला, झेंडू घरंगळले.

लाल गाडी धावतच होती. आता आत कुणी नव्हतं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. जयराम उतरला तो क्लिनरच्या बाजूने, डोळे चोळत.

"आये, रिकामाच उतरत होतो. घाटात डोळा लागला. जाग आली तं दारात."

"चालवली कुणी?"

"मलाच इचारतेस?"

इंजिन चालूच होतं. मग बंद झालं. पलीकडचं दार उघडलं आणि हलक्या हाताने लागलं.

कमळू उंबऱ्याबाहेरच राहिला. हिराबाईने पोराच्या तोंडावरून हात फिरवला, ऊबदार होतं. मग आत जाऊन तिने दोन ताटं वाढली, डोक्यावर पदर घेतला आणि दुसऱ्या ताटासमोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली,

"बसा, साहेब. पोटभर जेवा. पण गाडी आता त्याची त्याला चालवू द्या."