‘सावकाश’चे जोड

“घासायचं नाही?” आईनं ग्राइंडर बंद केला. “मग करायचं काय?”

“काहीच नाही,” शिल्पकार बाई हसल्या. “जोड दिसू देत. माणसाच्या हातानं केलंय हे कळायला हवं.”

बाबांना आभाळ ठेंगणं झालं. “ऐकलंस? जन्मभर मी लिहायचं आणि हिनं खोडायचं! आता बोल!”

बाईंना बागेत उभा करायचा होता तो शब्द होता ‘सावकाश’. पुरुषभर उंचीची लोखंडी अक्षरं, कुणीही टेकावं, मुलांनी चढावं अशी. आमच्या घराचा मात्र त्या शब्दाशी काडीचा संबंध नव्हता. बाबा वेल्डिंग करत, आई मागोमाग जोड घासून गुळगुळीत करी, आणि कुणीतरी पाठी लागल्यासारखी दोघं कामं उरकत.

त्या दुपारी मी दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी आले, तर गॅसवरचं दूध उतू जात होतं आणि आई समोरच उभी होती.

“आई, दूध!”

“जाऊ दे.”

आमची आई दुधाला जाऊ दे म्हणते म्हणजे प्रकरण गंभीर. मी गॅस बंद केला आणि तिला खुर्चीत बसवलं. मग तिनं सांगितलं. बाबांचा हात थरथरतो हे आम्हाला माहीतच होतं. पण वेल्डिंगचा होल्डर धरला की थरथर थांबते असं ते छातीठोकपणे सांगत. ती थांबत नव्हती. जोडावर काळी खपली धरते, ती आईच ठोकून काढायची, आणि बाबा तोंडावरची काच बाजूला करेपर्यंत ग्राइंडर फिरवून मोकळी व्हायची. आपला जोड हल्ली कसा पडतो हे त्या माणसानं पाहिलंच नव्हतं.

“आता सगळ्या गावाला दिसेल गं,” ती म्हणाली. “आणि आधी त्यांना.”

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून वर्कशॉपमध्ये बसले. बाबा गुणगुणत होते. पहिलं अक्षर जोडून झालं, तशी आई हातोडी घेऊन पुढे झाली.

“सरक. आज मी काढतो.”

खपली पडली. जोड कसला, ओल्या मातीतून गांडूळ गेल्यासारखा दिसत होता. बाबांनी त्यावर बोट फिरवलं, एकदा पुढे, एकदा मागे.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस.”

“झालं वर्ष,” आई म्हणाली.

ते ओरडतील म्हणून मी मधे पडायच्या तयारीत होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि शिल्पकार बाईंना फोन करून बोलावून घेतलं.

“बाई, जोड मजबूत आहे, त्याची हमी देतो. पण देखणा नाही. माझा हात गेला. दुसरा माणूस बघा.”

बाईंचा चेहरा जरा पडला, मी पाहिला. पण बाई भल्या. “दुसरा कशाला? घासून टाकू. तेही छान दिसेल.”

आई केव्हाच ग्राइंडरकडे निघाली होती.

“थांब गं,” बाबा म्हणाले. “चांगले पडायचे तेव्हा घासलेस, वाकडे पडायला लागले तेव्हाही घासलेस. हे राहू देत.”

“लोक हसतील हो.”

“हसू देत. माझेच आहेत.”

बाईंनी मान डोलावली. आईला रडू फुटलं, आणि मलाही. उगाच का लपवू?

शब्द बागेत उभा राहिला, त्या सकाळी आम्ही तिघं पाहायला गेलो. मुलं अक्षरांवर चढली होती. बाबा दोन्ही हात खिशात घालून जरा लांबच उभे होते. आईची बोटं जोडांवरून फिरत होती, एखादा खडबडीत ठिपका लागला की अडखळत होती. सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले, वाकून बघत म्हणाले, “घासायचं राहिलंय वाटतं इथे.”

बाबांनी मान खाली घातली.

“राहिलं नाही,” आई म्हणाली. “ठेवलंय.”

गृहस्थ “बरं बरं” म्हणत निघून गेले. बाबा सावकाश पुढे आले. त्यांनी खिशातून उजवा हात काढला, कोवळ्या उन्हातल्या लोखंडावर ठेवला, आणि तो थरथरत होता तसा थरथरू दिला.